कोरडवाहू पोरांची बागायती परीक्षा



मागे एका तालुका बैठकीत कापसाच्या भावावरची चर्चा संपली. लोक उठायला लागले होते. तेवढ्यात मागच्या बाजूला बसलेली एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, कापसाचं झालं. आता माह्या पोरीचं सांगा. पाचवीत हाय, वर्गात पहिली येते. नवोदयचा फारम भराची तारीख निघून गेली आन् मले कोणी सांगतलंच नाही. पुढच्या साली भरता येत नाही म्हणतेत. आता मी कोणाले पुसू?"

सभा गप्प झाली. भावाच्या प्रश्नावर तासभर बोलणारे आम्ही सगळे; पण त्या बाईला द्यायला कोणापाशी उत्तर नव्हते. हे संपादकीय म्हणजे तिला दिलेले उशिराचे उत्तर आहे. तिच्या पोरीची संधी तर गेली. निदान पुढच्या साली दुसऱ्या कोणाची जाऊ नये.

आधी नवोदय म्हणजे काय ते पाहू. १९८५-८६ साली देशात प्रयोग म्हणून दोनच नवोदय विद्यालये निघाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांना पक्के स्थान दिले. खेड्यातल्या हुशार मुलाला, त्याच्या बापाची ऐपत असो वा नसो, चांगल्यातले चांगले शिक्षण मिळावे हा हेतू. आज देशात अशी सहाशेहून अधिक विद्यालये आहेत. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके सरकारकडून. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी घेतात. त्यातूनही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना, अपंगांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना सूट आहे. जिल्ह्याला साधारण एक विद्यालय आणि सहावीत जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, किमान एक तृतीयांश मुलींसाठी.

कागदावर ही योजना आपल्यासाठीच केलेली आहे. म्हणूनच आपण तिच्याबद्दल बोलले पाहिजे. जी गोष्ट आपल्यासाठी नाहीच, तिच्यात वाटा मागायचा प्रश्न येत नाही. जी आपल्या नावावर काढली आहे, तिचा ताबा कोणाकडे आहे हे पाहणे आपले काम आहे. सातबारा आपला आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

शेतकरी निवडला की विहीर निवडली?

दोन शेतकरी घ्या. एकाची काळी कसदार जमीन, विहिरीला पाणी, त्यावर ठिबक. त्याला एकरी दहा क्विंटल कापूस झाला. दुसऱ्याची बरड जमीन, सगळा भरवसा पावसावर. मध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला, तरी त्याने डवरणी वेळेवर केली, ओल धरून ठेवली आणि एकरी चार क्विंटल काढला. काट्यावर दोघांचा कापूस सारखाच तोलला जाईल. ते बरोबर आहे, व्यापाऱ्याला कापूस हवा असतो. पण उद्या सरकारने जिल्ह्यातला उत्तम शेतकरी निवडायचे ठरवले आणि एकरी उतारा पाहून पहिल्याला फेटा बांधला, तर आपण काय म्हणू? आपण म्हणू, साहेब, तुम्ही शेतकरी निवडला नाही, विहीर निवडली.

हुशार पोरे निवडण्याच्या परीक्षांत हेच होते. नवोदयच्या परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमापनाचे, २० गणिताचे, २० भाषेचे. बुद्धिमापनाचे सगळे प्रश्न आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा, कागद घडी करून भोक पाडले तर उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. हेतू चांगला होता. आकृतीला भाषा लागत नाही, म्हणून खेड्यातले पोर मागे पडणार नाही असा हिशेब होता.

पण आकृत्यांचे प्रकार ठरलेले आहेत. दहा प्रकार, दर प्रकारचे चार प्रश्न. जे ठरलेले असते ते घोटून घेता येते. तालुक्याच्या गावी नवोदयची तयारी करून घेणारे क्लास निघाले, मुलांना ठेवून घेणारेही निघाले. तिथल्या पोराने परीक्षेआधी अशा हजारो आकृत्या सोडवलेल्या असतात. उत्तराचा गोल पेनाने कसा काळा करायचा याचाही सराव झालेला असतो. आपले पोर ती उत्तरपत्रिका पहिल्यांदा पाहते ते परीक्षेच्या दिवशीच. एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते. त्यातला अर्धा वेळ त्याचा प्रश्न विचारतो आहे तरी काय, हे समजण्यात जातो. दोघांच्या गुणांत फरक पडतो आणि त्या फरकाला आपण बुद्धी म्हणतो.

क्लासला जाणाऱ्या पोरावर आमचा राग नाही. त्याच्या बापाने पोटाला चिमटा घेऊन फी भरली असेल. विहीर खोदणे हा गुन्हा नव्हे. पण विहिरीचे पाणी मोजून त्याला जमिनीचा कस म्हणायचे, हा खोटा हिशेब आहे.

ज्याने अर्जच केला नाही तो

परीक्षा ही पुढची गोष्ट. खरी गळती त्याआधी होते. अर्ज पालकाने भरायचा, तोही संगणकावरून. मुख्याध्यापकाचे प्रमाणपत्र, फोटो, सही, रहिवासाचा कागद. अर्जाची मुदत बहुधा पावसाळ्यात येते. त्या वेळी आपल्या घरातला माणूस न् माणूस निंदण-डवरणीत अडकलेला असतो. परीक्षा येते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा कापसाची वेचणी चालू असते आणि घरातले पाचवीतले पोरही ओटी बांधून तासात असते. ज्या घरात नोकरी आहे, त्या घरात ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते. आपल्या घरात ती कळते निघून गेल्यावर.

ही संधी एकदाच मिळते. पाचवीत असतानाच परीक्षा द्यायची, पुन्हा बसता येत नाही. नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते, पण त्या जागा मोजक्याच. म्हणजे दहा वर्षांच्या पोराचे भवितव्य त्याच्या बापाला एका महिन्यात एक बातमी कळली की नाही, यावर ठरते.

आता 'ग्रामीण' या शब्दाकडे पाहू. तिसरी, चौथी, पाचवी ही तीन वर्षे पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढली, तर मूल ग्रामीण. त्यातला एक दिवसही शहरी शाळेत गेला तर शहरी. नियम फसवणूक टाळण्यासाठी केला असेल. पण तो लागू कसा पडतो ते पाहा. मोठ्या गावातल्या इंग्रजी शाळेत मोटारीने येणारे कृषी केंद्रवाल्याचे किंवा अधिकाऱ्याचे मूल ग्रामीण ठरते, कारण शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. दुष्काळात आईबापांबरोबर चार महिने नाशिक-पुण्याच्या बांधकामावर गेलेले आणि तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत बसलेले मूल शहरी ठरते. ऊसतोडीला गेलेल्या घरातले मूल तर दिवाळीनंतर गावच्या शाळेत सापडतच नाही. परीक्षा जिल्ह्यात आणि पोर कारखान्याच्या फडावर. शाळा खेड्यात आहे की नाही हे नियम विचारतो. घर कशावर चालते हे कोणी विचारत नाही.

आरक्षणाबद्दल दोन शब्द

हा विषय निघाला की आपल्याच बैठकीत कुजबुज होते, म्हणून उघडच बोलतो. नवोदयमध्ये अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आहेत, देशपातळीच्या १५ आणि साडेसात टक्क्यांपेक्षा कमी नाहीत. २०२१-२२ पासून इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत. काही भाऊ म्हणतात, आमच्या पोरांच्या जागा इकडे गेल्या. आम्ही त्यांना विचारतो, केळापूर-झरीच्या कोलाम पोडावर घरात कोलामी बोलणारे पोर मराठीतून पेपर देते, त्याने तुझी जागा नेली की गावातल्या सगळ्यात मोठ्या घराने नेली? बरड जमिनीवाल्याने मुरमाड जमिनीवाल्याशी भांडावे आणि विहिरीवाल्याने बांधावर उभे राहून मजा पाहावी, हा खेळ आपण पुष्कळ वेळा खेळलो आहोत. जातीने बंद केलेले दार उघडायला आरक्षण लागते. त्याशिवाय प्रत्येक गटात पुन्हा सुस्थितीतली घरे पुढे आणि मजुराचे घर मागे असे होऊ नये, यासाठी वेगळी तजवीज लागते. या दोन मागण्या एकमेकींच्या सवती नाहीत.

चाळणी सगळ्यांना लावली तेव्हा

असे सगळीकडेच होत असणार, त्याला इलाज नाही, असे कोणी म्हणेल. इलाज आहे, आणि तो करून पाहिलेला आहे.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ब्रोवर्ड नावाचा मोठा शाळा-जिल्हा आहे. तिथे हुशार मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. त्या वर्गांत जायचे तर आधी शिक्षकाने किंवा आईबापाने मुलाचे नाव सुचवायचे, मग बुद्धिमापन. पैसेवाले आईबाप खासगी तज्ज्ञाकडून चाचणी करून आणत. गरीब, काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या मुलांची नावे सुचवायला कोणी नव्हते. त्या वर्गांत ती मुले फार थोडी दिसत. २००५ साली जिल्ह्याने एकच बदल केला. दुसरीतल्या प्रत्येक मुलाला शाळेतच, फुकट, एक छोटी चाचणी दिली. तिच्यात जी मुले वर आली त्यांना पुढच्या पूर्ण चाचणीला पाठवले. प्रवेशाची पातळी खाली आणली नाही. तरीही गरीब घरांतल्या मुलांची संख्या कितीतरी वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशेब २०१६ साली मांडला: हुशार ठरलेल्या काळ्या मुलांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी आणि स्पॅनिश भाषकांच्या मुलांचे सुमारे १३० टक्क्यांनी वाढले.

ही मुले काही २००५ साली एकाएकी हुशार झाली नव्हती. आधीपासून होतीच, कोणी पाहिले नव्हते एवढेच. पुढे मंदीत पैशाची ओढाताण झाली, चाचणी बंद पडली आणि फरक पुन्हा पहिल्यासारखा झाला. चाळणी सगळ्यांना लावा, म्हणजे दाणे सगळीकडे सापडतात. अर्ज येण्याची वाट पाहत बसा, म्हणजे ज्याला वाट माहीत आहे तोच पोचतो.

दुसरे उदाहरण टेक्सासचे. त्या राज्याने १९९७ साली कायदा केला की राज्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळेल, मग शाळा शहरातली असो की आडरानातली. पुढे एका मोठ्या विद्यापीठापुरती त्यात काटछाट झाली, तरी तत्त्व टिकले. आपल्या भाषेत सांगायचे तर बरड जमिनीतला उतारा बरड जमिनीशी ताडून पाहिला.

गुणवत्ता खाली येईल का?

शहाणे लोक म्हणतील, गुणवत्ता हाच एक निकष असला पाहिजे, बाकी सगळे राजकारण. गुणवत्ता हवी हे आम्हालाही मान्य. पण पाऊस पडला नाही तरी चार क्विंटल काढणाऱ्याला पाणी दिले तर तो किती काढील, याचा विचार केला आहे का? सरकारला खरोखर गुणवत्ता हवी असेल तर ती अशाच ठिकाणी शोधावी लागेल. ज्याला क्लास मिळालाच आहे, त्याला विद्यालयही मिळाले तर भर थोडी पडेल. ज्याला काहीच मिळाले नाही आणि तरीही जो तग धरून आहे, त्याला विद्यालय मिळाले तर फरक डोळ्यांना दिसेल.

आणि हे आम्ही आज नव्याने सांगत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गाची मुले, हे त्यांनी मांडले. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांचाही मुद्दा आहे: खुल्या चढाओढीची पद्धत वरवर न्याय्य दिसते, पण तिने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, ज्यांच्यात शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात. या गोष्टीला एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. असुडाची आठवण आपण दर भाषणात काढतो. शिष्यवृत्तीच्या त्या मुद्द्याची मात्र काढत नाही.

बाकीच्या पोरांचे काय?

आणखी एक धोक्याची सूचना. जिल्ह्यात ८० मुलांचे भले झाले म्हणून जिल्ह्याचे भले होत नाही. साठच्या दशकात महाराष्ट्र सरकारने ग्रामीण हुशार मुलांसाठी विद्यानिकेतने काढली, नंतर केंद्राने नवोदय काढली. दोन्ही चांगल्याच. पण चार पोरे निवडून नेली की बाकीच्यांच्या शाळेकडे पाहायची गरज नाही, असे सरकारला वाटू लागते. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीतली निम्म्याहून थोडी कमीच मुले दुसरीचा धडा वाचू शकली. बाकीची पाचवीपर्यंत येऊनही दुसरीतच राहिली. ज्या शाळेत दोन शिक्षकांवर पाच वर्ग आहेत, तिथून नवोदयला पोर गेले तर तो त्या पोराचा आणि मास्तरांचा पराक्रम, सरकारचा नव्हे. नवोदय मिळाले म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा हक्क सोडायचा नाही. एका बियाण्याच्या प्लॉटवर सगळे खत टाकून उरलेले शेत पडीक ठेवणाऱ्याला आपण शेतकरी म्हणत नाही.

आपलेही काही चुकते

सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. वेचणीच्या दिवसांत पोराला शाळेतून काढतो कोण? आपणच. मजुरी परवडत नाही हे खरे, पण परीक्षेच्या आधीचा एक महिना तरी त्याला सोडता आले असते. पोराचा फारम भरायला धावतो आणि पोरगी हुशार असली तरी "एवढ्या लांब कशाला ठेवायची" म्हणून गप्प बसतो कोण? आपणच. नियमात मुलींना किमान एक तृतीयांश आहे. आपल्या घरात मुली अर्ध्या आहेत. हा हिशेब सरकारला विचारायच्या आधी एकदा आपल्या ओसरीवर बसून करून पाहू. त्या दिवशी सभेत उभी राहिली ती पोरीची आई होती. बाप आमच्यातच, पुढच्या रांगेत बसला होता.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत आणि चर्चा करून मंजूर करावेत, अशी आमची सूचना आहे.

१. पाचवीतल्या प्रत्येक मुलाचा नवोदयचा अर्ज शाळेनेच भरावा. ज्या पालकाला नको असेल त्याने तसे लिहून द्यावे. आज मागेल त्याला मिळते. उद्या नाकारील त्यालाच वगळावे.

२. परीक्षेपूर्वी किमान एक महिना प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत आकृत्यांच्या दहाही प्रकारांचा आणि उत्तरपत्रिकेचा सराव शाळेच्या वेळेत, फुकट करून घ्यावा.

३. ग्रामीण जागांपैकी काही जागांसाठी मुलाची तुलना त्याच्याच शाळा-केंद्रातल्या मुलांशी करावी. आईबाप दोघेही दहावीपर्यंत शिकलेले नाहीत, अशा घरांतल्या मुलांना त्यात अग्रक्रम द्यावा.

४. मजुरीसाठी स्थलांतर केलेल्या घरातल्या मुलाला शहरी शाळेतल्या एका दिवसाची अट लावू नये. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत परीक्षा देण्याची सोय होईल अशी व्यवस्था करावी.

५. मुलींना निम्म्या जागा द्याव्यात.

६. दरवर्षी निवड झालेली मुले किती जिल्हा परिषद शाळांतून आली, किती खासगी शाळांतून, किती मुली, किती मजुरांच्या आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरांतली, याची नावे वगळून नुसती आकडेवारी जिल्हा परिषदेच्या फलकावर लावावी. बाजार समितीत भाव फळ्यावर लिहावा म्हणून आपण भांडलो. हा भावही फळ्यावर आला पाहिजे.

हे ठराव मुंबई-दिल्लीला पोचून मान्य होईपर्यंत आपले पाचवीतले पोर बारावीला जाईल, हे आम्हाला माहीत आहे. तोवर एक काम आपल्या हातात आहे. प्रत्येक गावशाखेने जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेत जावे आणि पाचवीतल्या मुलांची यादी घ्यावी. मुख्याध्यापकांना अर्जाची तारीख विचारावी. ज्याच्या घरात शिकलेला पोरगा आणि चालणारा मोबाइल आहे, त्याने यादीतले सगळे अर्ज भरून द्यावेत: आपल्या भावकीचे, विरोधी पार्टीचे, बेड्यावरचे आणि पोडावरचेही. एका संध्याकाळचे काम आहे. पुढच्या बैठकीला येताना भावाचा हिशेब आणाच, त्याबरोबर आपल्या गावात पाचवीत किती मुले आणि त्यातल्या किती जणांचे अर्ज गेले, हे दोन आकडेही चिठ्ठीवर लिहून आणा.

ती बाई पुढच्या बैठकीलाही येणार आहे. तिच्या धाकट्या पोराने आता चौथीची परीक्षा दिली आहे.